लिलावातलं घर आणि भाड्याची खोली



गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शेजारचे एक गुरुजी हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन ओट्यावर आले. कात्रण एका बँकेच्या नोटिशीचं होतं. तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं घर, कर्जदारानं हप्ते थकवलेले, बँकेनं लिलाव पुकारलेला. राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. गुरुजी चौदा वर्षं भाड्याच्या खोलीत राहतात. म्हणाले, "सर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक सुटीवर गेलेत, म्हणून तुमच्याकडे आलो. हे घर घ्यावं, की आहे तिथंच भाडं भरत राहावं?"

मी इतिहासाचा मास्तर. भाव सांगणं हा माझा धंदा नव्हे. पण प्रश्न ऐकला आणि वाटलं, हा प्रश्न गुरुजींच्या आधी लाखो माणसांना पडून गेला आहे, आणि त्याची उत्तरं इतिहासात नोंदलेली आहेत. ती बहुतेक अमेरिकेच्या इतिहासात आहेत, कारण कर्ज काढून घर घेण्याची चाल तिथं जितकी रुजली तितकी फार थोड्या देशांत रुजली. तरी सुरुवात मात्र आपल्या मुलखातूनच केली पाहिजे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. १८७४ सालच्या डिसेंबरात तिथं एका सावकारानं दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखांचं घर ताब्यात घेतलं, आणि लोक नको नको म्हणत असताना लाकूडसामान विकण्यासाठी ते पाडायला काढलं. तुम्हां खेडेगावच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. जुन्या घराच्या मातीला किंमत नसते, ती असते तुळयांना, खांबांना, दारांच्या चौकटींना. सावकाराला राहायला घर नकोच होतं, त्याला हवी होती रक्कम. पण पडती भिंत सगळ्या गावानं पाहिली. गावानं सावकारांवर बहिष्कार घातला, तो आसपासच्या गावांत पसरला, आणि पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी सुपे इथं बाजारच्या दिवशी दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे आणि गहाणखतं बाहेर काढून जाळली गेली. हेच ते दख्खनचे दंगे. चौकशीला आयोग बसला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशानं नुसता रोखा पाहून हुकूमनामा न देता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, असं त्यानं ठरवलं.

ह्या दंग्याचं मूळ शोधत गेलं तर एक धागा अमेरिकेपर्यंत पोचतो. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत तिथं यादवी युद्ध चाललं, दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. हा क्रम ध्यानात ठेवा. तेजीत कर्ज सैल, मंदीत वसुली कडक. साठ-सत्तर वर्षांनी अमेरिकेत हेच झालं, आणि परवा २००८ साली पुन्हा झालं.

आता अमेरिकेत चला. १९२० नंतरच्या दशकात तिथं घरासाठी मिळणारं कर्ज आजच्यासारखं वीस-तीस वर्षांचं नव्हतं. बहुधा तीन ते पाच वर्षांची मुदत, घराच्या निम्म्या किमतीइतकीच रक्कम, आणि मुदतभर नुसतं व्याज भरत राहायचं. मुदत संपली की मुद्दल एकदम द्यायचं. ते कोण देणार? लोक जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडत. जोवर नवं कर्ज मिळत होतं तोवर हे गाडं चालत होतं. १९२९ नंतर बँका बुडू लागल्या, नवं कर्ज मिळेना आणि गाडं रुतलं. १९२६ साली शहरी भागातल्या सुमारे ६८ हजार घरांवर गहाणाची जप्ती आली होती. १९३३ साली हा आकडा अडीच लाखांवर गेला. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला दिवसाला जवळजवळ हजार घरं जात होती.

खेड्यांत हाल वेगळे होते. धान्याचे भाव इतके उतरले होते की आयोवात काही शेतकरी थंडीत कोळशाऐवजी मका जाळत. शेतांचे आणि अवजारांचे लिलाव सुरू झाले, तेव्हा नेब्रास्का, आयोवा ह्या भागांतल्या शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली. तिला लोक 'पेनी लिलाव' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत पै-पैशाचा लिलाव. लिलावाच्या दिवशी सगळी पंचक्रोशी जमायची. नांगर पुकारला की कोणी तरी दहा सेंट म्हणायचा, घोडा पुकारला की दुसरा पाच सेंट. पुढं कोणी बोलायचंच नाही. एखादा बाहेरचा माणूस बोली वाढवू लागला, की दोन्ही बाजूंनी त्याच्या खांद्यावर हात पडायचे आणि कोणी तरी कानाशी म्हणायचं, "पाव्हणं, बोली जरा जास्तच झाली, नव्हे का?" लिलाव संपला की घोडा, नांगर, गाय सगळं मूळ धन्याला परत. नेब्रास्कातल्या १९३१ सालच्या अशा एका लिलावात सगळ्या मालाचे मिळून ५ डॉलर ३५ सेंट जमले. काही ठिकाणी झाडाला दोरीचा फासही लटकवलेला असे, तो कशासाठी हे बाहेरच्या बोलीदाराला सांगावं लागत नसे.

हे ऐकायला गंमतीचं वाटतं. पण २७ एप्रिल १९३३ रोजी आयोवातल्या ले मार्स गावी जमाव कोर्टात घुसला. न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली ह्यांनी जप्तीच्या हुकमांवर सह्या करणार नाही अशी शपथ घ्यावी, असा जमावाचा आग्रह. त्यांनी नकार दिला. त्यांना गावाबाहेर नेलं, गळ्यात फास घातला. तरी ते शपथ घेईनात. शेवटी जमावानंच हात आवरला. गव्हर्नरांनी लष्करी कायदा पुकारला. मला स्वतःला त्या शेतकऱ्यांविषयी सहानुभूती आहे, आणि त्या न्यायाधीशांविषयी आदरही आहे. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला इलाज नाही.

आता ह्या व्याख्यानाचा गाभा म्हणजे एका घराची गोष्ट. हे घर मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरातलं. ब्लेसडेल नावाच्या नवराबायकोनं १९२८ साली त्यावर कर्ज काढलेलं होतं. घर चौदा खोल्यांचं. तीन खोल्यांत स्वतः राहायचं, बाकीच्या भाड्यानं द्यायच्या. मंदीत भाडेकरूंचे पगार गेले, भाडं थकलं, म्हणून हप्ते थकले. २ मे १९३२ रोजी घराचा लिलाव झाला. घेतलं कोणी? ज्या संस्थेनं कर्ज दिलं होतं तिनंच. किंमत ३,७०० डॉलर ९८ सेंट, म्हणजे नेमकं कर्ज होतं तेवढंच. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे मूळ मालकाला एका वर्षात पैसे भरून घर सोडवता येत असे. पण मंदीच्या वर्षात ते पैसे कुठून आणायचे?

१८ एप्रिल १९३३ रोजी मिनेसोटाच्या विधिमंडळानं कायदा केला, की घर सोडवण्याची मुदत कोर्टाला वाढवून देता येईल. मात्र तोवर मालकानं घराचं योग्य भाडं भरत राहिलं पाहिजे. ब्लेसडेल दांपत्यानं अर्ज केला. कोर्टानं घराची बाजारात किंमत सुमारे ६,००० डॉलर धरली, भाडं महिना ४० डॉलर ठरवलं, आणि मुदत १ मे १९३५ पर्यंत वाढवली. संस्था वरच्या कोर्टात गेली. करार म्हणजे करार, तो सरकार मोडू शकत नाही, असं तिचं म्हणणं. ८ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की आणीबाणीत अशी तात्पुरती मुदत देणं घटनेला धरून आहे. एक मत इकडचं तिकडं झालं असतं तर हा कायदा रद्दच झाला असता.

शिक्षक बंधुभगिनींनो, ह्या निकालातले आकडे फळ्यावर मांडून पाहा. महिना चाळीस म्हणजे वर्षाला ४८० डॉलर. घर लिलावात ३,७०० ला गेलं. म्हणजे आठ वर्षांच्या भाड्यापेक्षाही कमी किमतीत चौदा खोल्यांचं घर. बाजारभाव धरला तर साडेबारा वर्षांचं भाडं. कोणीही शहाणा माणूस म्हणेल, भाडं कशाला भरता, लिलावात घर घ्या. पण घ्यायला कोणी आलं नाही, कारण रोख पैसा कोणाकडे नव्हता. घर ज्या वर्षी सर्वांत स्वस्त असतं, त्याच वर्षी घेणाऱ्याची नोकरी गेलेली असते आणि बँकेनं दार लावून घेतलेलं असतं. म्हणून लिलावात घर जातं ते ज्याच्या हाती आधीच रोकड आहे त्याच्याकडे, नाहीतर खुद्द धनकोकडे. हे मी गुरुजींना पहिल्यांदा सांगितलं.

आणखी एक गोष्ट ह्या निकालात आहे. ब्लेसडेल मंडळी स्वतःच्याच घरात भाडं भरून राहू लागली. आपल्याकडेही जमीन सावकाराकडे गेल्यावर पुष्कळ शेतकरी तीच जमीन खंडानं करीत राहिले. करड्याच्या देशमुखांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मालक आणि भाडेकरू ही दोन वेगळी माणसं आहेत असं आपण धरून चालतो. पण इतिहासात कितीदा तरी ती एकच व्यक्ती असते, कालची आणि आजची.

१९३३ सालच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाचं महामंडळ काढलं. थकलेली गहाणखतं बँकांकडून आपल्याकडे घ्यायची, बदल्यात बँकांना सरकारी रोखे द्यायचे, आणि घरमालकाला १५ वर्षांच्या मुदतीनं पाच टक्के व्याजावर हप्ते बांधून द्यायचे. तीन वर्षांत सुमारे दहा लाख कर्जं अशी बदलली गेली. म्हणजे गहाण असलेल्या दर पाच घरांमागं जवळजवळ एक. ह्या संस्थेची वाहवा शाळेच्या पुस्तकांत असते. पण तिच्या स्वतःच्याच कर्जदारांपैकी सुमारे दोन लाखांची घरं अखेर तिलाही जप्त करावी लागली. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सकडे हे प्रमाण फार मोठं होतं. इतकी घरं हाती आल्यावर ती एकदम बाजारात ओतली असती तर उरल्यासुरल्या घरांचेही भाव पडले असते. म्हणून महामंडळानं पुष्कळ घरं दुरुस्त केली, भाड्यानं दिली आणि हळूहळू विकली. १९५१ साली संस्थेचा कारभार गुंडाळला तेव्हा हिशेबात किंचित नफाच निघाला.

पण ह्याच महामंडळानं शहरांचे नकाशे काढले. हिरवा, निळा, पिवळा आणि तांबडा असे चार रंग. तांबडा म्हणजे कर्ज द्यायला धोक्याची वस्ती. जिथं कृष्णवर्णीय लोक राहत त्या वस्त्या बहुतेक तांबड्या. नकाशे महामंडळाचे असोत की १९३४ साली निघालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचे नियम असोत, परिणाम हा झाला, की पांढरपेशा गोऱ्या कुटुंबाला थोड्या रकमेवर लांब मुदतीचं कर्ज मिळू लागलं आणि काळ्या कुटुंबाला बँकेच्या पायरीवरूनच परत फिरावं लागलं. शिकागोसारख्या शहरात मग निराळाच व्यवहार चालू झाला. घर हप्त्यांच्या कराराने घ्यायचं, किंमत भरमसाट, सगळे हप्ते फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. दुरुस्तीचा खर्च मालकासारखा करायचा, हक्क मात्र भाडेकरूइतकाही नाही. १९६८ साली शिकागोच्या लॉनडेल भागातल्या अशा खरेदीदारांनी संघटना करून हप्ते रोखून धरले. त्याच वर्षी अमेरिकेत घरांच्या व्यवहारातला वंशभेद कायद्यानं बंद झाला. कायद्यानं, असं मी मुद्दाम म्हणतो.

एवढं होऊनही स्वतःच्या घराची चाल वाढतच गेली. १९४० साली अमेरिकेतली ४३.६ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, १९६० साली जवळजवळ ६२ टक्के. २००४ साली हा आकडा ६९ टक्क्यांपर्यंत चढला. तिथून पुढं घसरगुंडी. ज्यांना परत फेडता येणार नाही अशांनाही कर्जं दिली गेली. पहिली दोन-तीन वर्षं व्याज कमी आणि नंतर एकदम जास्त, अशा कर्जांचा सुळसुळाट झाला. घराचा भाव चढतच राहणार, मग चिंता कशाची, असा सगळ्यांचा समज. कापसाचा भावही असाच चढत राहणार होता, नाही का? २००६ साली भाव थांबले, मग उतरले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी बुडाली आणि जग हादरलं. २००९ आणि २०१० ह्या दोन्ही वर्षी तिथं सुमारे २८ लाख घरांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या.

ह्या वेळी देश एक होता, पण गावोगावची कहाणी निराळी होती, आणि गुरुजींच्या प्रश्नाला ह्याचाच उपयोग आहे. सगळ्या अमेरिकेची सरासरी घेतली तर घरांचे भाव शिखरापासून सुमारे चौथ्या हिश्शानं उतरले. पण लास व्हेगासमध्ये ते साठ टक्क्यांच्या आसपास कोसळले, फिनिक्समध्ये निम्म्याहून अधिक, आणि टेक्सासातल्या डॅलसमध्ये जेमतेम दहा टक्के. असं का? वाळवंटी शहरांत भाव आधी भरमसाट चढले होते. टेक्सासात जमीन मुबलक, घरं बांधायला आडकाठी कमी, म्हणून भाव चढलेच नव्हते. शिवाय त्या राज्याच्या घटनेतच नियम होता, की राहत्या घरावर किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे कर्ज काढून पैसे उचलता यायचे नाहीत. जुन्या मंडळींनी घालून ठेवलेला बंधारा ऐन पुरात उपयोगी पडला म्हणायचा.

राहणीच्या खर्चाचीही तीच गोष्ट. अमेरिकन सरकार दर वर्षी राज्याराज्यांतल्या महागाईची तुलना छापतं. देशाची सरासरी १०० धरली तर अलीकडच्या वर्षांत कॅलिफोर्निया सुमारे ११२-११३ वर आणि मिसिसिपी सुमारे ८७ वर आहे. गंमत अशी, की साखर, कापड, तेल ह्यांचे भाव दोन्हीकडे फारसे वेगळे नसतात. फरक पडतो तो मुख्यतः घरभाड्यानं. भाकरी सगळीकडे जवळजवळ सारखी, छप्पर मात्र निराळं. आपल्याकडेही मुंबईला बदली झालेल्या शिक्षकाला हे पहिल्याच महिन्यात कळतं.

मग स्वस्त गावी जाऊन लिलावातलं घर घ्यावं का? डेट्रॉइट शहराकडे पाहा. १९५० साली तिथं साडेअठरा लाख वस्ती होती, मोटारींचे कारखाने धडधडत होते. २०१० साली सव्वासात लाखांपेक्षाही कमी माणसं उरली. कर थकलेल्या घरांचा तिथं लिलाव होई आणि दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू होई. पाचशे डॉलरला घर! परगावच्या माणसांनी न बघता घरं घेतली. मग कळलं, की भिंतींतल्या तांब्याच्या नळ्या चोरांनी उपसून नेल्यात, छप्पर गळतंय, आणि घरपट्टी मात्र जुन्या भारी किमतीवर येतेय. ती थकली की तेच घर पुन्हा लिलावात. एकच घर दोनदा-तीनदा बोलीला चढल्याचीही उदाहरणं झाली. आणि नोकरी? ती स्वस्त घराच्या गावी नव्हती, म्हणूनच तर घर स्वस्त होतं. उलट सॅन फ्रान्सिस्कोकडे काम होतं, पगार होता, पण घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या कित्येक पटीत. तिथं कितीक जाणत्या माणसांनी आयुष्यभर भाडंच भरलं, आणि ती मूर्ख होती असं मी म्हणणार नाही.

लिलावाची रीतही राज्याराज्यांत वेगळी. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा इथं कोर्टातून जावं लागतं, त्यात वर्षानुवर्षं जातात. टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथं कोर्टाशिवाय काम उरकता येतं. टेक्सासात तर महिन्याचा पहिला मंगळवार हा ठरलेला लिलावाचा दिवस, आठवड्याच्या बाजारासारखा, आणि जागा परगण्याच्या कचेरीची. घर आहे तसं घ्यायचं, आत जाऊन पाहायला बहुधा मिळत नाही, पैसे रोख. मिनेसोटात आजही लिलावानंतर सामान्यतः सहा महिने मूळ मालकाला घर सोडवून घेता येतं. तोवर घेणारा आपला दारात उभा.

ह्या सगळ्यात एका माणसाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तो म्हणजे इमानदारीनं भाडं भरणारा भाडेकरू. त्यानं एक दिवसही चुकवला नाही, पण मालकानं बँकेचे हप्ते थकवले. घर जप्त झालं आणि ह्याला सामान बाहेर काढावं लागलं. मे २००९ मध्ये कायदा झाला, की अशा भाडेकरूला निदान ९० दिवसांची मुदत मिळाली पाहिजे, आणि करार असेल तर बहुतेक प्रसंगी तो पुरा होईपर्यंत राहू दिलं पाहिजे. २०१४ च्या अखेरीस तो संपला, २०१८ साली पुन्हा कायमचा लागू झाला. भाड्यानं राहिलं म्हणजे कर्जाची कटकट नाही असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की कर्ज मालकाचं असलं तरी छप्पर तुमच्या डोक्यावरचं असतं.

आणि ह्या खेपेला लिलावात घरं घेतली कोणी? पुन्हा रोकडवाल्यांनीच. २०१२ पासून ब्लॅकस्टोनसारख्या बड्या भांडवलदार कंपन्या फिनिक्स, अटलांटा अशा शहरांत जप्तीतली घरं घेत सुटल्या. एकट्या तिच्या इन्व्हिटेशन होम्स ह्या शाखेकडे थोड्या वर्षांत जवळजवळ ५० हजार घरं झाली, आणि ती भाड्यानं दिली गेली. सामान्य माणसाला त्याच काळात बँका कर्ज देत नव्हत्या. २०१६ साली स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण ६३ टक्क्यांच्या खाली आलं, म्हणजे जवळजवळ १९६० च्या दशकात होतं तिथं.

आपल्याकडे २००२ सालच्या कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार मिळाला. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, हे खेड्यातल्या मंडळींनी पक्कं ठाऊक करून घ्यावं. वर्तमानपत्रात 'ताबा नोटीस' म्हणून जे छापून येतं ते ह्याच कायद्याखाली. पण त्या ताब्याचे दोन प्रकार असतात. एक नुसता कागदोपत्री ताबा, दारावर नोटीस डकवली की झाला. दुसरा प्रत्यक्ष, किल्ली हातात. पहिल्या प्रकारातलं घर घेतलं तर आतलं कुटुंब बाहेर कधी पडणार हा प्रश्न उरतोच, आणि तो कसा सुटतो ते बोली बोलणाऱ्याला आपल्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

गुरुजींना मी एवढंच म्हटलं, "आधी किंमत आणि वर्षाचं भाडं मांडून पाहा. मग ताबा कोणता ते बँकेत विचारा. घरपट्टी, वीज, पाणी किती थकलंय ते बघा. आणि तुमची बदली दोन वर्षांत होणार असेल तर हे सगळं सोडून द्या." त्यांनी तिथंच पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. त्या घराचं भाडं महिना चार हजार म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. राखीव किंमत साडेनऊ लाख. जवळजवळ वीस वर्षांचं भाडं. "म्हणजे ब्लेसडेलचं घर जास्त स्वस्त होतं, सर," ते हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून घर बघून आले. दार उघडं होतं, आत एक म्हातारी गहू निवडत बसली होती. तिनं ह्यांना बँकेचा माणूस समजून पाणी दिलं. गुरुजी पाणी पिऊन, काही न बोलता परत आले. बँकेत चौकशी केली तेव्हा ताबा कागदोपत्रीच असल्याचं कळलं. त्यांनी अनामत रक्कम भरली नाही आणि लिलावाची तारीख टळून गेली. बोली बोलायला दुसरंही कोणी आलं नाही म्हणे.

परवा त्याच घराची नवी नोटीस छापून आली आहे. राखीव किंमत आणखी एक लाखानं खाली. गुरुजी कात्रण घेऊन पुन्हा येणार आहेत, असा निरोप आहे. तोवर नगरपालिकेतून थकबाकीचा दाखला काढून ठेवा, असं मी कळवलं आहे. आणि म्हातारीच्या मुलाला एकदा गाठून, हप्ते बांधून घेण्याविषयी तो बँकेशी बोलला आहे का, हेही विचारून या म्हणून सांगितलं आहे.